ताप गेला, खोकला राहिला: श्वासनलिकेतली पेशी नेमकी मरते कशी?

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने मला लिहिलं आहे: "मॅडम, आमच्या पुस्तकात आहे की विषाणू पेशीत शिरतो, वाढतो, मग पेशी फुटते आणि नवे विषाणू बाहेर पडतात. माझ्या आज्जीला फ्लू झाला. ताप चौथ्या दिवशी उतरला, पण आता तीन आठवडे होत आले तरी खोकला थांबत नाही. विषाणू गेला असेल तर हा खोकला कशाचा? आणि प्रत्येक पेशी अशी फुटतच असेल, तर साध्या सर्दीतून माणूस एवढ्या सहज बरा कसा होतो?"

तुझा दुसरा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. पुस्तकातलं चित्र पाठ करणारे खूप भेटतात. ते चित्र घरातल्या माणसाच्या आजाराशी ताडून पाहणारे थोडे. म्हणून सविस्तर लिहिते.

फुगा फुगत जाऊन फुटावा तशी पेशी फुटते, हे चित्र मुळात जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंचं, बॅक्टेरिओफाजचं. तिथे ते अगदी खरं आहे. आपल्या श्वसनमार्गात येणाऱ्या बऱ्याच विषाणूंना मात्र ते लागू पडत नाही. इन्फ्लुएंझा, म्हणजे फ्लूचा विषाणू, आणि लहान बाळांना धाप लावणारा आरएसव्ही हे पेशीच्या आवरणातून अंकुर फुटावा तसे एकेक करून बाहेर पडतात. कोरोनाचा विषाणू पेशीच्या आतल्या पिशव्यांमधून बाहेर सोडला जातो. हे चालू असताना पेशी जिवंत असते. तरीही ती पुढे मरते, आणि बहुतेक वेळा मरण्याचा निर्णय तिचा स्वतःचा असतो. विषाणू तो निर्णय लांबवू पाहतो, कधी स्वतःच्या सोयीने उरकून घेतो, कधी चुकीच्या वाटेला लावतो. पेशी कोणत्या रीतीने मेली, यावर माणूस किती आजारी पडणार हे बरंचसं ठरतं. इतकी वर्षं मायक्रोस्कोपखाली फुप्फुसाच्या स्लाइड बघितल्यावर माझ्या मनात पक्की बसलेली गोष्ट हीच आहे.

आधी जागा समजून घे. श्वासनलिकेच्या आतून पेशींचं अस्तर असतं. त्यातल्या बऱ्याच पेशींच्या माथ्यावर केसांसारखे बारीक तंतू असतात, त्यांना सिलिया म्हणतात. एका पेशीवर साधारण २०० सिलिया, आणि त्या सेकंदाला १० ते १५ वेळा एका लयीत हलतात. वरचा चिकट थर, त्यात अडकलेली धूळ, जंतू, मागाच्या खोलीतला कापसाचा तंतू, सगळं त्या घशाकडे ढकलत राहतात आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. दिवसरात्र चालणारी ही झाडलोट आहे. फ्लूचा विषाणू नेमका या अस्तरावर उतरतो. पेशीवरच्या सायलिक ॲसिडला धरून आत शिरतो, थेट केंद्रकात जातो, पेशीच्या संदेशांची टोकं कापून स्वतःच्या संदेशांना जोडतो, आणि पेशीचे कारखाने त्याचं काम करू लागतात. शिरल्यापासून साधारण सहा ते आठ तासांत नवे विषाणू बाहेर पडायला लागतात.

पेशी हे मुकाट्याने सोसत नाही. तुमच्या घरी टॉवेलचे माग आहेत असं तू लिहिलं आहेस, म्हणून तुला हे लवकर कळेल. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तो तसाच चालू राहिला तर सगळं कापड वाया जाईल. पेशीतही अशा खुणा ओळखणारी प्रथिनं जागोजागी आहेत. परका आरएनए, म्हणजे विषाणूचा संदेशधागा, दिसला की ती आधी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. तेवढ्याने भागलं नाही, तर पेशी स्वतःला थांबवते.

थांबण्याची पहिली रीत म्हणजे ॲपॉप्टोसिस. हा शब्द १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानं किंवा पाकळ्या गळणं. मराठीत बऱ्याच ठिकाणी याला 'पेशीची आत्महत्या' लिहितात. मला ते पटत नाही. त्या शब्दाला दुःख चिकटलेलं आहे आणि इथे घडतं ते शरीराचं रोजचं, गरजेचं काम आहे. मी वर्गात 'पानगळ' म्हणते. फाल्गुनात कडुलिंबाची पानं गळतात तेव्हा झाडाला जखम होत नाही. देठाशी आधीच एक थर तयार झालेला असतो. पेशीचंही तसंच. कॅस्पेज नावाची कातरणारी प्रथिनं आतल्या आत एकेक गोष्ट कापत जातात, केंद्रकातला डीएनए तुकड्यांत कापला जातो, पेशी आक्रसते आणि तिच्या आवरणात बांधलेल्या लहान लहान पुड्या होतात. आवरण शेवटपर्यंत शाबूत राहतं. बाहेरच्या बाजूला 'मला उचला' अशी खूण उमटते आणि भक्षक पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. आतलं काहीच सांडत नाही, म्हणून सूज नाही, ताप नाही. गर्भात बोटं सुटी होतात ती याच रीतीने. एका सूक्ष्म कृमीच्या वाढीत तयार होणाऱ्या १०९० पेशींपैकी नेमक्या १३१ अशा गळतात. ही व्यवस्था उलगडणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.

विषाणू शिरलेल्या पेशीने वेळेवर अशी पानगळ केली तर विषाणूचा कारखानाच बंद पडतो. म्हणून विषाणूंनी त्यावर तोडगे काढले आहेत. यात ॲडेनोव्हायरस मला सगळ्यांत शिकवणारा वाटतो. मुलांच्या ॲडेनॉइडच्या गाठींत तो पहिल्यांदा सापडला, म्हणून हे नाव. त्याला पेशीत सावकाश वाढायला एक दिवस किंवा जास्त लागतो, त्यामुळे पेशी तोवर जगणं त्याच्या फायद्याचं. पेशीकडे स्वतःला वाचवणारं बीसीएल-२ नावाचं प्रथिन असतं. त्याच्यासारखंच एक प्रथिन ॲडेनोव्हायरस सोबत घेऊन येतो. पी५३ हे 'आता थांब' सांगणारं प्रथिन, त्याचंही तो तोंड बांधतो. आणि सगळं काम झालं की उलट स्वतःच एक प्रथिन भरपूर बनवून पेशी फोडतो आणि बाहेर पडतो. तुझ्या पुस्तकातलं फुटण्याचं चित्र इथे चांगलं बसतं.

फ्लूचा विषाणू वेगळा वागतो. सुरुवातीला त्याचं एनएस१ हे प्रथिन इंटरफेरॉनची हाक दाबून धरतं. नंतर मात्र चालू झालेल्या कॅस्पेजचाच तो उपयोग करून घेतो. केंद्रकात तयार झालेला माल बाहेर काढायला त्याला त्यांची मदत होते. म्हणजे पेशी मरणाच्या वाटेवर असताना विषाणू त्याच वाटेवरून आपलं सामान हलवतो.

मग पहिली रीत अडवली गेली तर? पेशीकडे दुसरी आहे, नेक्रॉप्टोसिस. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती तुमच्या घरातल्या कामासारखी आहे. विणकर सुताचा पीळ बोटांनी ओळखतो, उजवा की डावा. आपल्या पेशींतला जोडधाग्याचा आरएनए साधारणपणे उजवा पिळलेला असतो. फ्लूचा विषाणू वाढताना काही आरएनए डावा पिळलेला तयार होतो. झेडबीपी१ नावाचं प्रथिन हा उलटा पीळ ओळखतं, आणि तेही केंद्रकाच्या आत. २०२० मध्ये हे स्पष्ट झालं. पीळ ओळखला की एमएलकेएल हे प्रथिन जागं होतं आणि पडद्यांना भोकं पाडतं. पहिली रीत विषाणूने बंद केली असेल, तरी पेशी यावाटे मरते आणि विषाणूचा डाव मोडते. फक्त या मरणात आवरण फाटतं, आतलं सगळं सांडतं आणि आजूबाजूला सूज येते. विषाणू थांबतो, पण किंमत शेजारच्या ऊतीने मोजलेली असते.

तिसरी रीत पायरोप्टोसिस. यातला 'पायरो' म्हणजे आग, आणि नाव अगदी योग्य आहे. पानगळ म्हणजे मालकाने नीट हिशोब करून, माग उतरवून, सूत बांधून कारखाना बंद करणं. पायरोप्टोसिस म्हणजे कारखान्याला आग लागणं. आग दिसते, लोक धावतात, पण ती शेजारच्या दोन घरांनाही लागू शकते. यात पेशीतली धोक्याची यंत्रणा कॅस्पेज-१ ला जागं करते, ते गॅसडर्मिन डी या प्रथिनाला कापतं आणि त्याचे तुकडे आवरणात गोल भोकं तयार करतात. गॅसडर्मिनची ही भूमिका २०१५ मध्ये कळली, म्हणजे मी शिकत होते तेव्हा हे पान कोणत्याच पुस्तकात नव्हतं. त्या भोकांतून इंटरल्यूकिन-१ बाहेर पडतं. ते रक्तातून मेंदूपर्यंत निरोप पोहोचवतं आणि शरीराचं तापमान वाढतं. आज्जीच्या पहिल्या चार दिवसांच्या तापात या निरोपाचा मोठा वाटा.

ही आग वाईटच असते असं समजू नकोस. ज्या उंदरांमध्ये ही धोक्याची यंत्रणा काढून टाकली होती, ते फ्लूने जास्त दगावले. थोडी आग हवी असते, वेळेवर विझणारी. कोविडमध्ये ती विझली नाही. रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या काही पांढऱ्या पेशींमध्ये प्रतिपिंडांच्या वाटेने विषाणू शिरत होता, तिथे त्याची वाढ पुरी होत नव्हती, पण त्या पेशी या आगीच्या रीतीने मरत होत्या आणि दाह वाढवत होत्या, हे २०२२ मध्ये दाखवलं गेलं. विषाणूला काही मिळालं नाही, रुग्णाचं मात्र नुकसान झालं.

२०२० आणि २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या शहरात ज्यांच्या घरी कोणी ॲडमिट होतं, त्यांना एलडीएच हा शब्द पाठ झाला होता. फोनवर लोक आकडे वाचून दाखवायचे. एलडीएच हे प्रत्येक पेशीच्या आत असणारं एन्झाइम. पेशी पानगळीच्या रीतीने गेली तर ते पुडीतच बांधलेलं राहतं, रक्तात फारसं येत नाही. आवरण फाटलं की सांडतं. म्हणून वाढलेला एलडीएच म्हणजे शरीरात कुठेतरी पेशी फाटून मरत आहेत याचा पुरावा. पण तू लॅबमध्ये काम करणार आहेस, म्हणून हे लक्षात ठेव: रक्त बारीक सुईने जोर लावून काढलं, बाटली जोरात हलवली किंवा मे महिन्यात तालुक्याच्या गावाहून तासन् तास गरम गाडीतून आणली, तर लाल पेशी बाटलीतच फुटतात आणि एलडीएच खोटा वाढतो. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, लालसर दिसलं तर तो रिपोर्ट देऊ नये, रक्त पुन्हा मागवावं. त्या दिवसांत अशा एका खोट्या आकड्यावरून एका घरातले सगळे रात्रभर रडत बसलेले मी पाहिले आहेत. तो नमुना कोणीतरी डोळ्यांनी नीट बघायला हवा होता.

पेशी मारणारा आणखी एकजण आहे, आपलीच मारक टी पेशी. पहिल्यांदाच भेटणाऱ्या विषाणूविरुद्ध ती साधारण आठवड्याच्या आसपास जोमात येते. विषाणू शिरलेली पेशी ओळखून तिला चिकटते, परफोरिनने वाट करते, ग्रँझाइम आत सोडते आणि त्या पेशीला पानगळीच्या वाटेला लावते. म्हणजे फुप्फुसात मेलेल्या पेशींची मोजणी केली तर त्यातल्या कितीतरी आपल्याच सैनिकांनी मारलेल्या असतात. स्टेरॉइडचा प्रश्न इथे येतो. २०२० च्या रिकव्हरी या ब्रिटिश चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काहीच फायदा झाला नाही. जिथे नुकसान दाहातून होत आहे, तिथे दाह दाबणं उपयोगी. जिथे विषाणू अजून वाढतो आहे, तिथे आपणच पहारेकऱ्याचे हात बांधतो. पहिल्याच दिवसापासून स्टेरॉइड घेतलेले किती रुग्ण पुढे काळ्या बुरशीने त्रासले, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

आता तुझा सर्दीचा प्रश्न. साध्या सर्दीचा मुख्य कारणीभूत ऱ्हायनोव्हायरस. सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातल्या अस्तराचा तुकडा घेऊन बघितला तर अस्तर बहुतांशी जागेवर दिसतं. मरणाऱ्या पेशी थोड्या, विखुरलेल्या. शिंका, वाहणारं नाक, घशाची खवखव हा बराचसा आपल्या शरीराने दिलेल्या प्रतिसादाचा त्रास. म्हणून माणूस आठवड्यात बरा होतो. अस्तरच न उखडल्यामुळे नव्याने घालायचं फार काही नसतं.

लहान बाळांमध्ये आरएसव्हीचं वेगळं. त्याचं एनएस२ हे प्रथिन सिलिया असलेल्या पेशीला गोल करतं आणि ती अस्तरापासून सुटून आत पडते. मोठ्या माणसाच्या नळीत अशा पेशी पडल्या तर खोकून निघून जातात. तीन महिन्यांच्या बाळाची बारीक श्वासनलिका एवढी अरुंद असते की गळलेल्या पेशी आणि चिकट द्राव मिळून तिला बूच बसतं. बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जातात, दूध पिताना धाप लागते. असं दिसलं तर घरी वाफ, तेल, ओवा करत बसू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. कोविडमध्ये वास जाणं हाही याच गोष्टीचा एक प्रकार. वास घेणाऱ्या चेतापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशी जायच्या. चेतापेशी बहुधा टिकून असायच्या, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला.

खरा धोका विषाणू खाली वायुकोशांत उतरतो तेव्हा. तिथे दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पातळ, पसरट, वायुकोशाचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनी झाकलेला. दुसऱ्या प्रकारच्या लहान आणि ठेंगण्या, पण घर त्या चालवतात. वायुकोश मिटू नयेत म्हणून लागणारं सर्फॅक्टंट त्या बनवतात, आणि पहिल्या प्रकारच्या पेशी मेल्या तर त्यांच्या जागी नव्या त्याच देतात. फ्लू काय, कोविड काय, गंभीर आजारात या दुसऱ्या प्रकारच्या पेशी मारल्या जातात. म्हणजे वंगण संपतं आणि दुरुस्ती करणारा गवंडीही जातो. केशवाहिन्यांतलं पाणी आणि प्रथिनं आत झिरपतात, मेलेल्या पेशींचा चुरा त्यात मिसळतो आणि वायुकोशाच्या भिंतीला आतून गुलाबी पापुद्रा चिकटतो. स्लाइडवर तो इओसिन या गुलाबी रंगाने रंगलेला पापुद्रा पहिल्यांदा दिसतो तेव्हा सुंदर वाटतो. तो काय आहे हे कळल्यावर पुन्हा कधी सुंदर वाटत नाही. प्राणवायू बाहेर भरपूर असतो, त्याला रक्तापर्यंत जायला वाट नसते.

आता आज्जीकडे येऊ. फ्लूमध्ये पहिल्या एक-दोन दिवसांतच सिलिया असलेल्या पेशी गळून जातात, काही ठिकाणी अस्तर तळाच्या पेशींपर्यंत उघडं पडतं. विषाणू आठवड्याभरात संपतो, ताप उतरतो. तळाच्या पेशी लगेच कामाला लागतात, विभागतात, आधी साधी चटई अंथरतात. तिच्यावर नव्या सिलिया उगवून त्या एका लयीत हलायला दोन ते चार आठवडे लागतात, वय झालं असेल तर कधी अधिक. तोवर झाडलोट बंद असते, आणि घाण बाहेर काढायला शरीराकडे एकच उपाय उरतो, खोकला. शिवाय अस्तराखालची चेतातंतूंची टोकं उघडी पडलेली असतात. थंड हवा, फोडणीचा धूर, शेंगदाण्याची चटणी कुटताना उडणारं तिखट, काहीही चालतं खोकला उठवायला. म्हणून विषाणू गेल्यावरही खोकला तीन ते आठ आठवडे राहू शकतो. आज्जी आयुष्यभर विड्या वळत होती हेही तू लिहिलं आहेस. तंबाखूची धूळ श्वासात घेतलेल्या माणसाची वाट मुळातच नाजूक झालेली असते.

या काळात दोन गोष्टींवर नजर ठेव. झाडलोट बंद असलेल्या उघड्या अस्तरावर न्यूमोकॉकससारखे जिवाणू सहज चिकटतात. १९१८ च्या साथीत, जिला आपल्याकडे जुनी माणसं मानमोडी म्हणायची आणि जिच्यात भारतात एक कोटीहून अधिक माणसं गेली, त्या साथीतले बहुतेक मृत्यू विषाणूमागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले असावेत, असं जतन केलेल्या फुप्फुसांच्या तपासणीतून दिसतं. तेव्हा बरं वाटायला लागल्यावर पुन्हा थंडी वाजून ताप आला, बेडका पिवळा किंवा गंजासारखा पडू लागला, बसल्या जागी धाप लागली, तर ती नवी गोष्ट आहे असं समज आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. तिथे अँटिबायोटिक योग्य असतं. आज केवळ खोकला आहे म्हणून मेडिकलमधून आणून देऊ नकोस, मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत. फ्लूविरोधी ओसेल्टामिविरचाही आता उपयोग नाही. ते पहिल्या ४८ तासांत, विषाणू पसरत असताना सर्वांत जास्त काम करतं. आपल्या भागात फ्लू पावसाळ्यात चढतो आणि गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, थंडीत, पुन्हा थोडा डोकं काढतो. आज्जीला यंदा पावसाळ्याआधी फ्लूची लस दे, आणि न्यूमोकॉकसच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचार.

दुसरी गोष्ट मी सगळ्यांत आग्रहाने सांगते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आपल्या देशात क्षयरोगाची तपासणी करायचीच. फ्लूनंतरचा खोकला आहे हे माझं वरचं सगळं विवेचन बरोबर असेलही, पण ते तपासणीची जागा घेऊ शकत नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. एक नमुना तिथेच देता येतो, दुसरा सकाळचा. सकाळी उठल्यावर आज्जीला साध्या पाण्याने चूळ भरायला सांग, मग दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खोकायला. तोंडातली लाळ नको, छातीतला बेडका हवा. डबीचं झाकण घट्ट लाव, नाव डबीच्या अंगावर लिही, झाकणावर नको, कारण लॅबमध्ये झाकणं बदलतात. हा नमुना उद्याच नेऊन दे.